किलद्रीनचा निळा दांडा

बंद पडलेल्या किलद्रीन स्टेशनाच्या इतिहासाचं शेवटचं पान लिहायला कोलमन टॅन्सी वही घेऊन आला, तेव्हा अट्रॅक्टानं त्याच्यापुढे चहा ठेवला. स्टेशनमास्तर गेरिटीची ही लेक, सत्त्याहत्तर वर्षांची झाली तरी स्टेशनाच्याच घरात राहत होती. आणि कोलमन होता ड्रायव्हर फेस्टस टॅन्सीचा नातू.

"चहात साखर नाही वाटतं, अट्रॅक्टाबाई? रेल्वेबरोबर तीही बंद झाली?"

"मुकाट पी. उद्या छापायला जाणार ना पुस्तक?"

"हो. तुमच्या वडिलांच्या नावाची पाटीही लागणार फलाटावर."

त्याची नजर भिंतीवरच्या निळ्या दांड्याकडे गेली. मार्ग एकपदरी, म्हणून प्रत्येक बाजूला एकच दांडा. स्टेशनमास्तर ज्या बाजूचा दांडा हातात देईल, त्याच बाजूला गाडी न्यायची: टबरकडे निळा, आर्डमॉयलकडे तांबडा. रोज सकाळी फेस्टसची छोटी डिझेलगाडी टबरला जायची. १९५१च्या बाजाराच्या दिवशी मात्र ती तिकडची माणसं आणायला रिकामीच आर्डमॉयलकडे निघाली आणि समोरून तांबडा दांडा घेऊन येणाऱ्या मालगाडीवर आदळली. फेस्टस जागीच गेला. निळा दांडा स्टेशनातल्या खुंटीवर सापडला, म्हणून तो दांड्याविनाच निघाला, प्यायला असणार, असं चौकशीत ठरलं. मेलेल्यावर खापर फोडायला काय लागतं!

खरं अट्रॅक्टाला ठाऊक होतं. बाबांनी सवयीनं निळा पुढे केला होता, फेस्टसनं सवयीनं न बघता घेतला होता. धडकेनंतर बाबा तिथून रुळांवरून सगळ्यांच्या आधी धावत परतले आणि तो नऊ वर्षांच्या अट्रॅक्टाच्या हातात देऊन म्हणाले, "धू." गाडीत पडला असेल, तिथून उचलला, असं ती आजवर मनाला समजावत आली होती.

"आजोबा प्यायले होते, हे आजीला कधीच पटलं नाही," कोलमन म्हणाला. "प्रेताला आंघोळ घालून हातात जपमाळ गुंडाळायला गेली, तर उजव्या हाताची तीन बोटं उलटी मोडलेली. धडकेनं, म्हणाला डॉक्टर. आजी म्हणायची, त्याच्या मुठीतून कुणीतरी काहीतरी ओढून काढलंय."

अट्रॅक्टाला भडभडून आलं. त्याच हातांनी बाबा तिच्या वेण्या घालायचे.

ती उठली. दांडा काढून तिनं कोलमनच्या हातात दिला.

"लिही. त्या दिवशी हा मी धुतला. बाबांनी आणून दिला, रक्तानं भरलेला."

 दांड्यावरची कोलमनची मूठ हळूहळू आवळली आणि अट्रॅक्टा एक पाऊल मागे सरकली.