हाक दिली की पाणी पाहिजे

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. दीपमाला गेली हे खडीवस्तीला कळलं तो मंगळवार होता, आणि ते माझ्यामुळंच कळलं.

खडीवस्ती शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथं घरोघरी नळ आहेत, पण नळाला पाणी नाही. म्हणून दर मंगळवारी सकाळी मी तिथं जातो. बन्सी मला चालवायचा आणि त्याची बायको दीपमाला शेजारी बसायची. कोपऱ्यावर पोचलो की ती दार उघडून पायरीवर उभी राहायची आणि हाक द्यायची, "टँकर आलाऽऽ! भांडी काढाऽऽ!" मग डोंगरापर्यंतची सगळी दारं उघडायची. मोबाइल आले तरी तिनं ते सोडलं नाही. ती म्हणायची, हॉर्न काय, कुणीबी वाजवतं.

त्या मंगळवारी मी कोपऱ्यावर उभा राहिलो आणि कुणीच आलं नाही. शेवटी मालनबाई ड्रम घेऊन सहज बाहेर आली तेव्हा तिला मी दिसलो.

"का रं बन्सी, आज दीपाची हाक नाय आली? घसा बसला का तिचा?"

बन्सी पाईप जोडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "गेली ती, आक्का. पहाटं."

"आरं देवा! मग तू हितं काय करतूस?"

"काल दवाखान्यात म्हणली, मंगळवार चुकवू नको. पावणे यायला दुपार व्हईल. तवर हे वाटून टाकतो."

मालनबाईनं ड्रम खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. मग वस्तीकडं वळून तिनंच हाक दिली. आवाज फुटला, पण पोचला.

दीपमालाच्या छातीत पाणी झालं होतं. बन्सीनं आयुष्यभर लोकांना पाणी नेऊन दिलं, हे पाणी त्याला काढता आलं नाही. ह्यापलीकडं त्या दुखण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मित्रांनो, रडण्यासाठी मी ही गोष्ट सांगत नाही. दीपमाला हार्ड रॉक गायची. तिची गोष्ट रडत सांगितली तर ती वरून ओरडेल, आणि तिचं ओरडणं तुम्ही ऐकलेलं नाही.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथं लोखंडाचे जाड पत्रे वाकवून, जोडून मला गोल केलं. जोडकाम मोतीराम नावाच्या वेल्डरनं केलं. काम संपल्यावर त्यानं माझ्या पोटावर हातोडी मारली, कान लावला आणि म्हणाला, "आवाज हाय. गळणार नाय." माझ्याबद्दल कुणी काढलेला तो पहिला चांगला शब्द. तेव्हापासून माझ्याखालची गाडी दोनदा बदलली, इंजिनं बदलली, रस्त्यावरच्या पाट्यांवर शहराचं नाव बदललं. टाकी मात्र मीच.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. माझी पहिली खेप पाचोडला लागली. गाव अजून लांब होतं तेवढ्यात एक हाक आली. ती उघड्या झाकणातून माझ्या आत शिरली आणि किती तरी वेळ घुमत राहिली. बन्सी तेव्हा नवा ड्रायव्हर होता. गावात उतरल्याबरोबर त्यानं विचारलं, "भोंगा बसवलाय का तुमच्यात?"

वच्छलाबाई घागर लावून उभी होती. ती म्हणाली, "भोंगा न्हाय बाबा, पोरगी हाय माझी."

गावाच्या उंचवट्यावर उभं राहून टँकर दिसला की गावाला सांगायचं, हे दीपमालाचं काम होतं. त्यानंतर पाचोडची खेप कुणाचीही असो, बन्सी मागून घ्यायचा. वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं. वरात माझ्याच केबिनमधून निघाली आणि माझ्या पोटात वऱ्हाडाला प्यायचं पाणी होतं. असा मान किती टँकरांना मिळतो, सांगा!

बन्सीची खोली औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत होती. एका दुपारी आम्ही परत आलो तर गल्लीत मोठाले स्पीकर मांडलेले. हिमांशू नावाचा कॉलेजातला मुलगा आणि त्याचे मित्र एका पत्र्याच्या शेडमध्ये वाजवत होते. मी हॉर्न दिला, त्यांना ऐकू गेला नाही. बन्सीनं आवाज दिला, तोही गेला नाही. मग दीपमाला खाली उतरली.

"ए! स्पीकर काढा की रं! टँकर काय डोक्यावरून न्यायचा का?"

गिटार थांबली. ढोल थांबला. हिमांशू बाहेर आला. बन्सीला वाटलं आता भांडण होणार.

हिमांशू म्हणाला, "ताई, परत एकदा ओरडा ना."

"का? बहिरा हायस?"

"नाही हो. आमच्या गाणाऱ्याचा घसा गेलाय. असंच ओरडायचं असतं, फक्त सुरात."

"सुरातच हाय माझं," दीपमाला म्हणाली.

हार्ड रॉक म्हणजे काय, हे मला त्या शेडबाहेर उभं राहून कळलं. गिटार विजेवर चालते, ढोल वाजवताना पायही कामाला लागतात, आणि गाणारा पोटातून गातो. बन्सीला त्यातलं काही कळायचं नाही. तो म्हणायचा, "गाणं कळत नाय मला, पण छातीत बसतं." वच्छलाबाई एकदा ऐकायला आली आणि तिनं विचारलं, "एवढी वरडतीस, कुणी मेलं का?" तरी पुढच्या कार्यक्रमाला ती शेजारणींना घेऊन आली आणि पुढच्या रांगेत बसली.

त्या पहिल्या बँडचं नाव होतं 'काळा फत्तर'. त्यातच दीपमालानं स्वतःचं गाणं रचलं. "उन्हानं पत्रा तापला, तापला, जीव रस्त्याला लागला, लागला," असं ते सुरू व्हायचं. गिटार आणि ढोल वर वर चढत जायचे. मग सगळी वाद्यं एकदम बंद, आणि तिची हाक: "टँकर आलाऽऽ!" त्यानंतर शेवटचं कडवं. तेवढंच तिनं हळू चालीचं केलं होतं.

शहराबाहेरच्या एका मैदानावर ते गाणं पहिल्यांदा ठेवलं. पुन्हा दुष्काळ पडला होता. मैदान माणसांनी भरलेलं. दीपमालानं हाक दिली आणि सगळं मैदान उठून पळालं! पोरं पळाली, बाया पळाल्या, तिकिटं तपासणारेही पळाले. ज्यांनी हाक घरून ऐकली ते हंडे घेऊन उलट मैदानाकडं आले. फाटकात दोन्हीकडची माणसं एकमेकांना विचारत होती, कुठंय, कुठंय. हिमांशू गिटार धरून हसून हसून खाली बसला.

दीपमालाही हसत होती. तेवढ्यात गोजरबाई नावाची एक म्हातारी रिकामा हंडा घेऊन स्टेजपाशी आली. चढावरून पळत आल्यानं तिला धाप लागली होती.

"कुठंय गं टँकर?"

"नाय आला, आजी. गाणं होतं ते."

म्हातारीनं हंडा कमरेवर नीट घेतला. "पोरी, भुकेल्याला पाटावर बसवून ताट उचलू नये," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

 घरी परत येताना, गल्लीत शिरल्यावर दीपमाला बन्सीला म्हणाली, "माझ्यामागं भरलेला टँकर नसंल तर ही हाक मी देणार नाय. हाक दिली की पाणी पाहिजे."

बन्सी म्हणाला, "मग मी कशाला हाय?"

त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक स्टेजमागं मी उभा राहिलो, काठोकाठ भरून. दुसरे गाणारे आयोजकांकडं एसीची खोली मागतात. ती टँकर लावायला जागा मागायची. ती हाक द्यायची, लोक पळायचे, बन्सी माझा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बँड रांगेसाठी वाजवत राहायचा. शेवटचं कडवं मात्र राहून जायचं. लोक पाणी भरत असताना हळू गाणं कोण ऐकणार? ती म्हणायची, "ज्या दिवशी हाक ऐकून कुणी उठणार नाय, त्या दिवशी गाईन."

एकदा वेरूळला हॉटेलच्या हिरवळीवर कार्यक्रम होता. समोर परदेशी पाहुणे. दीपमाला बन्सीच्या कानात म्हणाली, "आज गाते बघ." तिनं हाक दिली. पाहुणे जागचे हलले नाहीत. तिनं कडव्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि सगळे आचारी पातेली घेऊन धावत आले!

बँड मात्र टिकत नव्हते. 'काळा फत्तर'चा ढोलवाला नोकरीला पुण्याला गेला. मग 'बावन्न दरवाजे' आला, त्यात दीपमाला सगळ्यांत थोरली, सगळे तिला मावशी म्हणायचे. त्यानंतर वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांचा 'खडखडाट'. त्यांची तालीम शिफ्ट बघून व्हायची, आणि संपात कारखाना बंद असला की तालीम छान व्हायची. मधे यातल्याच एका बँडनं तिला आवाज फार राकट आहे म्हणून काढून टाकलं. महिन्याभरात त्यांनीच परत बोलावलं, तर ती म्हणाली, "आता अजून राकट झालाय. चालंल का?" शेवटी चारुता आणि तिच्या मैत्रिणींचा 'उलटी घागर'. तेव्हा दीपमालाचे केस पांढरे झाले होते. काळी साडी, पायात बूट आणि हातभर हिरव्या बांगड्या घालून ती उभी राहायची, आणि तिच्या अर्ध्या वयाच्या पोरी धापा टाकायच्या.

बँड मोडला की ती माझ्याकडं यायची. पाऊसपाणी बरं असलं की मी रिकामा असायचो. ती शिडीनं वर चढायची, झाकण उघडून तोंड आत घालायची आणि गायची. खाली बन्सी पान्यानं माझ्या पोटावर ताल धरायचा. त्याचा पोचा माझ्यावर अजून आहे. त्या गाण्याचं शेवटचं कडवं मी तिथंच ऐकलं. मी आणि बन्सी, दोघांनीच.

शहर वाढत गेलं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर उंच इमारती झाल्या. पूर्वी दुष्काळ पडला की माझी आठवण यायची. आता बारा महिने येते.

ती गेल्यावर बन्सीनं खडीवस्तीची खेप दुसऱ्या टँकरला दिली आणि मला भिंतीकडेला लावलं. माझ्या तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. भरलेल्या टाकीला एवढं काही होत नाही. अशा अर्धवट ओल्या टाकीला गंज खातो. वर्षभर मी तसाच उभा होतो. बन्सी रोज येऊन माझ्या सावलीत बसायचा आणि माझ्याकडं बघायचा नाही.

एका सकाळी हिमांशू आणि चारुता आले. हिमांशूला आता टक्कल पडलं आहे.

"दादा, ताईच्या सगळ्या बँडांनी मिळून रविवारी खडीवस्तीत वाजवायचं ठरलंय," तो म्हणाला. "ते गाणंही घेऊ. हाक तेवढी गाळू."

"हाक गाळून त्या गाण्यात उरतं काय?"

"मी देईन हाक," चारुता म्हणाली. "पण काका, टँकर..."

बन्सी उठला. त्यानं माझ्या पोटाखाली अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला. त्यानं अंगठ्याचा गंज पँटीला पुसला. मग म्हणाला, "मोतीराम हाय का अजून, बघतो."

मोतीराम होता. हात कापत होते, पण वेल्डिंगची काच डोळ्यापुढं धरली की स्थिर व्हायचे. दोघांनी मिळून माझा गंज खरवडला, सडका पत्रा कापला, नवा जोडला. रविवारी सकाळी मला भरलं तर एका सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. बन्सीचं तोंड उतरलं. मोतीराम म्हणाला, "आरं, कपड्याचा साबण आण." त्यानं साबणाची वडी सांध्यावर घासघासून बसवली. झिरपणं थांबलं. मग त्यानं हातोडी मारून कान लावला. "आवाज हाय अजून," तो म्हणाला.

संध्याकाळी खडीवस्तीचं मैदान भरलं. चार बँडांची माणसं एका स्टेजवर मावत नव्हती. चारुतानं गाणं घेतलं, वाद्यं चढत गेली, थांबली, आणि तिनं हाक दिली: "टँकर आलाऽऽ!"

कुणीच हललं नाही. हे दीपमालाचं गाणं आहे, हे आता सगळ्यांना माहीत होतं. बन्सीचा हात व्हॉल्व्हवर तसाच राहिला. चारुतानं शेवटच्या कडव्यासाठी श्वास घेतला.

तेवढ्यात मालनबाई उठली. खुर्चीखालून तिनं रिकामा कॅन काढला. "गाणं हाय ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली, "पर मागल्या मंगळवारपासनं पाणी नाय त्याचं काय?"

सगळं मैदान हसलं आणि उठलं. जवळजवळ सगळ्यांनीच खुर्चीखाली काही ना काही आणलं होतं! पोरं, बाया, म्हातारे हसत पळत माझ्याकडं आले. बन्सीनं व्हॉल्व्ह उघडला. वर्षभरात मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. डोळे पुसत, हसत, तो रांगेवर ओरडत होता, "दमानं, दमानं! भरलेला हाय!" स्टेजवर बँड वाजवत राहिला. पाणी सगळ्यांना पुरलं.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला शहाणपण थोडं. पण एवढं मी अंगावर शिकलो आहे की गंज कामानं चढत नाही, टाकून दिल्यानं चढतो. तुमच्याकडं जे काही असेल, भांडं असो, सायकल असो, की गळा असो, ते वापरात ठेवा आणि पुसून ठेवा. पाणी सांडू नका. आणि कुणाला हाक दिलीत तर आधी बघा, मागं टँकर भरलेला आहे ना.

आता मी दर मंगळवारी पुन्हा खडीवस्तीला जातो. बन्सी चालवतो, मालनबाई हाक देते.

तिथल्या नळांना अजून पाणी आलेलं नाही. दीपमालाच्या गाण्याचं शेवटचं कडवं अजून गायचं राहिलं आहे.