साफ केलेला आवाज

मोनिकाच्या बाबांवर मले राग येते, अन् तो सांगू कोणाले? माणूस वाईट नाही. आंधळगावात यांनी विणलेल्या कापडाच्या थानाले आजवर कोणी नाव ठेवलं नाही. तेच तर नडलं.

भूषण मास्तर शाळेच्या पुस्तकाले आवाज देऊन राहिले होते. फुकटचं पुस्तक, मोबाइलवर कोणीही उघडावं, ज्या लेकराले वाचता येत नाही त्यानं ऐकावं. आवाज आमच्या पोरीचा, मोनिकाचा. मास्तरनं रेकॉर्डिंगचं लहानसं मशीन घरीच आणून देलं. दुपारी ती वाचाले बसे. बाबांचा माग खटखट करे, की ती मधातच थांबून हाक मारे, "आई, बाबाले सांग ना, माग थांबवा. पुस्तक बोलून राहिलं." मी सुताच्या कांड्या भरणं सोडून उठे. मग ती चुके, स्वतःच हसे, पाणी मागे. मशीन बंद कराचं तिच्या ध्यानातच राहे नाही.

दिवाळीनंतर ती तापानं गेली.

मशीन घरीच राहिलं. मी ते मांडीवर घेऊन बसे. धडे मले काय कराचे होते? मले ते मधातलं पाहिजे होतं. तिनं "आई" म्हणलं का मी "ओ" म्हणे. यांच्यानं ऐकवत नव्हतं, हे उठून बाहेर जात. मशीनात काय आहे, यांनी कधी ऐकलंच नाही.

मी बहिणीकडे सिहोऱ्याले गेली होती, तेव्हा मास्तर आले. पुढचे धडे एकोडीची पोरगी वाचणार होती, तिले मशीन पाहिजे होतं. यांनी देऊन टाकलं. वरून सांगितलं, "मास्तर, थान बाजारात नेण्याआधी आम्ही सुटे धागे कापतो. पोरीचं काम दुनिया ऐकन. चुकलं, हसली, खोकलली, सारं कापा. कोणी नाव ठेवलं नाही पाहिजे."

मास्तरनं मन लावून कापलं. मग मशीन रिकामं करून एकोडीले देलं.

मी परत आली तर यांनीच मोबाइल समोर धरला. "ऐक, कसं साफ झालं." डोळे भरले होते यांचे. मी ऐकलं. धडा सुरू, धडा खतम.

"अन् ती मले बोलावते, ते कुठी आहे?"

मी मास्तरले फोन लावला. "काकू, ते तर आता राहिलंच नाही," मास्तर म्हणाले. शिव्या द्याले तोंड उघडलं होतं मी. पण हे मागाजवळ भुईवरच बसले होते, डोकं धरून. कोणाले देऊ शिव्या?

आता कुठकुठचे लेकरं तिचे धडे ऐकतात. चांगलं आहे बापा, ऐकू द्या. माझं काळीज मात्र जळते.

नदीच्या धड्यात एक जागा कापाची राहून गेली. शेवटचं वाक्य संपते, अन् मोनिका श्वास घेते. हाक माराच्या आधी ती घेई, तसाच. पुढं काही नाही.

रोज दुपारी हे आपणहून माग थांबवतात अन् तेवढंच लावून देतात. हाक येत नाही. तरी मी "ओ" म्हणते.