रुद्रम्मांची डबी आणि हिरवा हौद

मी एक जुना दगडी हौद आहे. मित्रांनो, काठावर इतके वाकू नका! तुमच्या खिशातून काही पडलं, तर नाव माझंच येणार. माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो उगीच झालेला नाही.

निजामाच्या राज्यात भूम गावात महांतप्पा नावाचे कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या घरामागच्या परड्यात पाथरवटांनी मला घडवलं. घरची पोरं पाठीला वाळके भोपळे बांधून माझ्यात पोहायला शिकली. दर उन्हाळ्यात बलभीम नावाचा मजूर यायचा, मला उपसायचा आणि विटकरीच्या तुकड्यानं माझं शेवाळ घासून काढायचा. "तळ कसा लख्ख दिसतोय बघा!" असं महांतप्पा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. मी लई फुगायचो.

मग रझाकारांच्या धामधुमीचं साल आलं. कोण कुणाला काय जाऊन सांगेल, याचा भरवसा उरला नाही. महांतप्पांनी बाहेरच्या माणसाला परड्यात यायला बंदी केली. बलभीमलासुद्धा! माझी घासणी थांबली. मी हिरवागार झालो आणि माझ्या पायऱ्या बुळबुळीत झाल्या. पोरांनी पोहणं सोडलं.

एका सकाळी महांतप्पांच्या आई, रुद्रम्मा, हातपाय धुवायला उतरल्या आणि घसरल्या. काठ धरून कशाबशा वर गेल्या. पूजेला बसल्या, तर गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी नव्हती. दोरा तुटला होता. लिंगपूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत. महांतप्पांनी बांबूनं मला ढवळून पाहिलं, पण त्या शेवाळात काय सापडणार?

"सकाळी बलभीम दाराशी आलता," महांतप्पा म्हणाले. "हौद घासू का म्हणं! त्यानंच उचलली."

मला असा संताप आला! डबी माझ्याच पोटात होती, पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी पाण्याविना रुद्रम्मांचा आवाज पार खोल गेला. महांतप्पांनी बलभीमला बोलावून आणलं.

"म्या न्हाय घेतली, मालक. मला हौद उपसू द्या."

"म्हंजे गुपचूप आत टाकशील, अन् सापडली म्हणशील!"

"टाकू दे, न्हायतर काढू दे," रुद्रम्मा कण्हल्या. "माझा जीव चाललाय रे."

बलभीमनं पटका आणि बंडी काढून काठावर ठेवली. मला उपसलं, मग तो पायरी पायरी घासत खाली आला. सगळं घर काठावर बसलं होतं. माझ्या तळाकडं कुणी पाहत नव्हतं, सगळे त्याच्या हातांकडं पाहत होते. शेवटच्या पायरीच्या कोपऱ्यात, शेवाळाखाली, काहीतरी चमकलं. बलभीम झटकन मागं सरला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला.

"अव्वा, तुमीच काढा. माझा हात लागला, तर म्याच ठिवली म्हंतील."

रुद्रम्मा भिंत धरत खाली आल्या. त्यांनी डबी काढून कपाळाला लावली. तिथंच ओल्या पायरीवर पूजा केली आणि मग पाणी प्याल्या.

महांतप्पांची मान खाली गेली. "उद्यापास्नं येत जा, बलभीम."

"आता तळ दिसतोय, मालक. तुमीच घासत जावा," असं म्हणून बलभीमनं पटका गुंडाळला आणि तो निघून गेला.

तो पुन्हा आला नाही. पुढं महांतप्पा स्वतः मला घासायचे, पण कोपरे हिरवेच राहायचे. मित्रांनो, हौद वेळच्या वेळी घासत चला. आणि एखाद्यावर आळ घेण्याआधी आपल्या पायरीवर शेवाळ आहे का, तेवढं बघा. तुम्हांला कधी बलभीम भेटला, तर त्याला एवढं सांगा, की हौदाला सगळ्यांचा संशय येतो, पण तुझा कधी आला नाही.