जावेच्या खालचा नंबर

मंदाकिनीबाईंना मिळणार होते बारा हजार. जानेवारीत चाळीस हजार ठेवायचे, दरमहा दोन हजार उचलायचे, जुलैत मुद्दल परत. लेकीच्या, देवयानीच्या, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी अठ्ठेचाळीस; म्हणजे फी भरून चार उरत होते. त्या चारात पुढच्या संक्रांतीला असं वाण लुटायचं, की धाकट्या जावेनं बघतच राहावं. खरं म्हणजे बाईंनी हिशेब या चारापासूनच सुरू केला होता, फी मागून आली.

त्याला कारण यंदाचं हळदीकुंकू. मंदाकिनीबाईंनी गोल बाजारातून चहाच्या गाळण्या आणल्या, सातची एक, घासाघीस करून साडेसहाला. दुसऱ्याच दिवशी, त्यांच्याच गुढियारी मोहल्ल्यात, चार घरं सोडून, धाकट्या जावेनं, अर्चनानं, एकतीस बायकांना स्टीलचे डबे दिले. झाकणाचे. वर डब्यात तिळगुळाच्या सोबतीला घडी घातलेला कागद: नव्या राजधानीला लागून जमीन, महिन्याला शेकडा पाच.

"काहून वं अर्चना, भावजींचा पगार वाढला का?"

"पगार कुठला, ताई! कंपनीत पैसे ठेवले, पंडरीला. तुम्हीबी ठेवा न, फॉर्म मी भरून देईन."

"मले पंडरीचा रस्ता माहीत नाही का?"

तो डबा मंदाकिनीबाईंनी आठवडाभर वापरला नाही. पण रोज पुसला. मग नवऱ्याला, दिवाकररावांना, न सांगता फीचे चाळीस हजार पिशवीत घालून त्या पंडरीला गेल्या.

कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर कंपनीचं ऑफिस. टाय लावलेल्या पोक्त भैयांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्ता विचारला आणि म्हणाले, "गुढ़ियारी? तो आपका नाम अर्चना दीदी के नीचे चढ़ेगा।"

"नीचे?" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "भैया, मैं बड़ी जेठानी हूँ। वो मेरे नीचे आएगी।"

"सिस्टम है दीदी। उनको आपका कमीशन भी तो मिलेगा।"

"कितना?"

"सैकड़ा आठ। बत्तीस सौ। आज ही।"

अर्चनाला आजच बत्तीसशे! त्यासरशी बाईंचं डोकं एकदम लख्ख चाललं. "मेरा पैसा तो जमीन में जाएगा न? फिर उसको बत्तीस सौ कहाँ से?"

"इसी में से, दीदी।"

"और उसके ऊपर?"

अर्चनाच्या वरच्याला पाच टक्के, त्याच्याही वरच्याला तीन. बाईंनी बोटांवर घेतलं: चाळीसातून सहा हजार चारशे जिन्यातच सांडले. उरलेल्या तेहेतीस हजार सहाशेतून त्यांना दरमहा दोन हजार कोण देणार? जमिनीचे कागद मागितले, तर ते हेड ऑफिसला. दोन हजार कुठून येतील विचारलं, तर भैया हसून म्हणाले, "आपके नीचे भी तो लोग जुड़ेंगे।"

बाईंनी पिशवी काखेत मारली आणि पायऱ्या उतरल्या.

इथवर त्या शहाण्या. इथून पुढं जाऊबाई.

तेव्हा शेवंता दोन्ही घरची भांडी घासायची. पोट्टीच्या लग्नाचे अठरा हजार तिच्याजवळ होते, आणि ती रोज मोरीत बसून विचारायची, "बाई, टाकू का जी?" तिला तिथंच, भांडी विसळता विसळता सांगता आलं असतं. पण मग अर्चनाच्या कानावर कसं पडणार? बाईंनी मंगळवारच्या भजनापर्यंत दम धरला, आणि सगळ्या बायकांत, टाळ खाली ठेवून म्हणाल्या, "अर्चनाचे डबे तुमच्याच पैशातले आहेत. आत्ताची जी भरते, तिचेच आधीच्या बाईला व्याज म्हणून देऊन राहिले. नवीन बाई मिळायची थांबली, की दुकान बंद."

शब्दन् शब्द खरा होता. अर्चना फक्त हसली. "ताई, जळू नका वं. तुमचा नंबर माझ्या खाली आला म्हणून राग आला न? भैयांनी सांगितलं मले."

अख्खी बैठक हसली. कारण अर्चनाकडे फ्रिज आला तेव्हा मंदाकिनीबाई म्हणाल्या होत्या, शिळं खाऊन आजार होतात. गाडी आली तेव्हा म्हणाल्या, पायी चाललेलं बरं. फ्रिज चांगला निघाला होता, गाडीही. त्यामुळं पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांना वस्तू पारखायची एक सोपी रीत सापडली होती.

"मंदाकिनीबाई एवढ्या जळून राहिल्या," भजनाला आलेली शेवंता घरी जाताना म्हणाली, "म्हणजे स्कीम चांगलीच असन."

दुसऱ्या दिवशी तिनं अठरा हजार भरले. व्याजाचे हप्ते काढले नाहीत, जमू दिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसला कुलूप लागलं. टाय, खुर्च्या, भैया, सगळंच गेलं.

कोणाचं काय गेलं, तेही लिहून टाकू. मंदाकिनीबाईंचं काही नाही. चाळीस शाबूत, वरचे आठ दिवाकररावांनी रेल्वेच्या सोसायटीतून उचलले, देवयानी दुसऱ्या वर्षाला बसली. अर्चनाचे साठ हजार बुडाले, व्याज आणि कमिशन मिळून एकेचाळीस आले होते, गेले एकोणीस. भजनातल्या नऊ जणींचे मिळून दोन लाख दहा हजार. शेवंताचे अठरा हजार, पूर्ण. दोन्ही घरचे मिळून तिला महिन्याला बाराशे मिळायचे. म्हणजे पंधरा महिन्यांची भांडी. ती तिची घासून झालेली होती.