छतावरची काजळी

“आणि हे बघा, छतावरचे काळे डाग. वेढ्याच्या वेळी इथे दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्याच्या या खुणा.” गाइडने बोट वर केलं, तशा वीसेक माना वर गेल्या.

“स्फोट कसला? काजळी आहे ती,” मागून आवाज आला.

म्हातारा आचारी लेकीचा हात सोडून पुढे झाला. किल्ल्यात पलटण होती तेव्हा याच खोलीत त्याने सव्वीस वर्षं स्वयंपाक केला होता. पुढे पलटण हलली, किल्ल्याची बाग झाली, आणि आज तो पहिल्यांदाच तिकीट काढून आत आला होता.

“आजोबा, बाहेर पाटी आहे ना, दारूगोळा कोठार म्हणून,” गाइड हसत म्हणाला.

“पाटी लिहिणाऱ्याने इथे कधी कांदा चिरलाय? चारशे माणसांचं जेवण व्हायचं, दोन्ही वेळचं. लाकडं ओली असली की असा धूर कोंडायचा, शेजारचा माणूस दिसायचा नाही.”

लोक हसले. लेक ओशाळली. “बाबा, चला ना. कशाला उगाच?”

“उगाच? सव्वीस वर्षांचा धूर आहे तो. एका दिवसाच्या स्फोटाच्या नावावर नाही खपवू देणार.”

गाइड जवळ येऊन हळूच म्हणाला, “आजोबा, लोक लढाई बघायला येतात हो. स्वयंपाकघर कोण बघतंय? माझं पोट आहे यावर.”

“लढणाऱ्यांनाही पोट होतंच की.”

गाइडने घोळका बुरुजाकडे वळवला.

“झालं समाधान? निघू या?” लेकीने विचारलं.

“पुढचा घोळका येऊ दे. त्यांनाही सांगतो.”

“आणि मग?”

“मग त्याच्या पुढचा. पाचपर्यंत चालतं तिकीट.”

लेकीने कपाळाला हात लावला आणि ती पायरीवर टेकली. तेवढ्यात घोळक्यातली एक बाई एकटीच परत आली.

“चुली कुठे होत्या हो?”

आचारी भिंतीच्या कडेने पावलं मोजत चालत गेला. “इथपासून इथपर्यंत. सहा होत्या. मोठी तुम्ही उभ्या आहात तिथे.”

बाईने खाली पाहिलं. स्वच्छ धुतलेली फरशी होती, बाकी काही नव्हतं. तरी तिने पाय हलकेच मागे घेतला.