जाळी काढलेला फोटो

"फोटोतल्या जाळीच्या तारा गेल्या, पण नाकावर हे लाल काय आहे?" साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"जखम आहे. अस्वलीण जाळीवर नाक घासत बसते," बाई म्हणाल्या.

"मग तीही काढा. कॅलेंडरवर जखम कोण टांगणार?"

प्राणिसंग्रहालयाच्या फोटोंमधल्या जाळ्या पुसण्यात बाईंची एकोणीस वर्षं गेली होती. काचेवरचे ओरखडे, पोरांच्या चिकट बोटांचे ठसे, धुळीचे ओघळ, सगळं काढून त्या प्राण्याला मोकळं करत. तारेखालचे केस शेजारच्या केसांवरून उचलून भरायला सबंध दिवस जाई. जखम मात्र पाच मिनिटांत बुजली.

चार महिन्यांनी अस्वलीण मेली. जखम चिघळून विष अंगभर पसरलं होतं. चौकशी बसली. तिची देखभाल करणारे मामा म्हणाले, जखम जुनीच आहे, डॉक्टरांना दोनदा सांगितलं होतं. साहेबांनी कॅलेंडर पुढे केलं. त्यात नाक स्वच्छ होतं. म्हणजे जे झालं ते नंतर, मामांच्या हयगयीनं.

त्या दुपारी मामा बाईंच्या खोलीशी आले. बुटांना पिंजऱ्याचा वास येतो म्हणून ते बाहेर काढून मगच आत शिरले.

"ताई, आधीचा फोटो असेल ना तुमच्याकडे? जखमेचा?"

"आहे, मामा."

"मग तेवढा द्या त्यांना. तोंडानं काही बोलू नका हवं तर."

"देते."

दिला नाही. बाईंची नोकरी दरवर्षी साहेबांच्या सहीनं पुढे सरके. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. उद्या देऊ, परवा देऊ करता करता आठवडा उलटला. नवव्या दिवशी त्यांनी मन घट्ट केलं, मूळ फोटो छापून घेतला आणि चौकशीच्या खोलीत गेल्या. शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता.

"संपलं की कालच," तो म्हणाला. "मामांनी चूक कबूल केली. नाही तर पेन्शन अडकवणार होते. आज शेवटचा दिवस त्यांचा."

मामा अस्वलिणीचा रिकामा पिंजरा धूत होते. ओले हात शर्टाला पुसून त्यांनी फोटो घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हीच ती," ते म्हणाले. "कॅलेंडरातली कुणी भलतीच होती."

"मामा, मला उशीर झाला."

"झाला खरा."

त्यांनी फोटो शर्टाच्या आत सरकवला, खराटा उचलला आणि कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली. मामांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक म्हातारी माकडीण होती, दोन्ही हातांनी जाळी धरून बसलेली. बाईंनी एकेक तार पुसली. संध्याकाळपर्यंत मागे नुसतं हिरवं झाड उरलं. बोटं मात्र तशीच वळलेली राहिली, काही नसलेलं घट्ट धरून.

साहेब मागे येऊन थांबले. "त्या बोटांचं काहीतरी करा."

"नाही होत, साहेब," बाई म्हणाल्या, आणि फोटो तसाच छापायला पाठवला.