दंतवैद्याच्या फ्रिजमधली झोप

दातांच्या डॉक्टरांच्या हाती दिलेलं एकही झाड आजवर टिकलं नव्हतं. निवडुंगसुद्धा त्यांना बघून माना टाकत. म्हणून परगावी निघालेल्या धाकट्या बहिणीने व्हीनस फ्लायट्रॅपची, म्हणजे जबड्यासारख्या पानांनी माशा पकडून खाणाऱ्या झाडाची, कुंडी दादाच्या हाती दिली, तेव्हा आई म्हणाली, "त्यापेक्षा शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे दे."

"दादा, हे जगलं तर माझी बाकीची सगळी झाडं तुझी," धाकटी म्हणाली. "मेलं, तर लोकांना वाटून टाकते."

डॉक्टरांनी फारच मनावर घेतलं. कुंडी दवाखान्यात ठेवून ते रोज टोकदार सळईने एकेका जबड्याचा चावा तपासू लागले. थंडी आली आणि पानं काळी पडली.

"कीड लागलीय," ते धाकटीला फोन करून हळहळले. "सगळे काढावे लागणार."

"हात बांधून घे आधी! फुकट तोंड मिटण्यात त्याची ताकद जाते. आणि थंडीत ते झोपतं. तुझ्या त्या हीटरपुढे कशी लागणार झोप? काळी पानं काप, कंद ओल्या शेवाळात गुंडाळ, थंडी सरेपर्यंत फ्रिजमध्ये ठेव. पाणी डिस्टिल्डच. नळाचं दिलंस तर खलास."

डिस्टिल्ड पाणी! अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्रासाठी त्याचे कॅनच्या कॅन कोपऱ्यात पडले होते. आपला जन्म याचसाठी झाला, याबद्दल डॉक्टरांना शंका उरली नाही.

"डॉक्टर, फ्रिजमध्ये काहीतरी सडतंय," मदतनीस ताई म्हणाल्या.

"सडत नाही, झोपलंय."

"पेशंटलाही तुम्ही असंच सांगता."

थंडी सरली. बाहेर आला तो काळपट खुंट. डॉक्टरांनी तो पुन्हा कुंडीत लावून खिडकीत उन्हाला ठेवला, बशीत पाणी ओतलं आणि दोन्ही हात खिशात घातले. मोठा संयम! खुंटातून हिरवं टोक निघालं, मग पानं, मग इवलेसे जबडे. तरी हात खिशातच.

एके दिवशी आई हलणारा दात काढून घ्यायला आली. खुर्चीत आडवी, तोंडात कापूस. एवढ्यात एक माशी आली, आईच्या उघड्या तोंडावर घिरट्या घालून तिने खिडकीतलं तोंड पसंत केलं.

खटकन मिटलं!

"आं! आं!" आई खुर्चीचे हात बडवू लागली. ताईंनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरांनी फोन लावला.

"तुझ्यावर विश्वास नाही. आईला दे," धाकटी म्हणाली.

आईने कापूस थुंकला. "खाल्ली गं! माझ्या डोळ्यांदेखत! दादाने जगवलं!"

"मग बाकीची उद्याच पाठवते!"

डॉक्टरांनी ऐटीत पक्कड उचलली. आईने तोंड घट्ट मिटलं.

"काढू नकोस," ती ओठांच्या फटीतून म्हणाली. "हाही जगव."